शर्मिष्ठेजवळचा तांबडा तारा

एका ताऱ्याबद्दल मी खोटं बोललो आहे, आणि हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि ज्या माणसाशी खोटं बोललो त्याला तर नाहीच. ताऱ्याबद्दलचं खोटं असून असून किती मोठं असणार, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. खरं म्हणजे तसं वाटत राहावं, अशी सोय मी करून घेतली होती.

यंदा भारी धान, म्हणजे उशिरा पिकणारा, पुन्हा कापणीला आला आहे. गोंदियाजवळ फुलचूरला माझ्या घरामागे आता धानाच्या दोन-चार बांध्याच, बांध घातलेले तुकडे, उरल्या आहेत, बाकी प्लॉट पडले. तरी वास येतो. कापलेल्या धानाचा कोरडा वास, तणसाचा गोडसर वास, आणि वारा गावाकडून असला की राईस मिलच्या जळक्या तुसाचा. दिवेलागणीनंतर थोड्या वेळानं मी गच्चीवर जातो. उत्तरेला शर्मिष्ठा हा तारकासमूह चढलेला असतो, मोडक्या खाटेसारखा वाकडा. पूर्वी या दिवसांत हे सगळं एकदम अंगावर यायचं आणि बरं वाटायचं. आता वास येतो म्हणजे वास येतो. थंडी वाजते म्हणजे वाजते. पुढे काही होत नाही.

शर्मिष्ठेच्या शेजारी एक तांबडा तारा आहे. त्याला नीट नाव नाही, यादीतला क्रमांक आहे, आणि दुर्बीण घेतल्याशिवाय तो सापडत नाही. साधी हातातली दुर्बीण चालते. तो म्हातारा तारा आहे. फुगतो, आकसतो, कधी अंगातून काजळी टाकतो आणि तिच्याआड स्वतःच झाकला जातो. म्हणून त्याचा उजेड कमी-जास्त होत राहतो. अशा ताऱ्यांवर नजर ठेवायला मोठ्या वेधशाळांना फुरसत नसते. ते काम जगभरचे हौशी लोक करतात. कुणी मास्तर, कुणी डॉक्टर, कुणी दुकानदार. प्रत्येकजण आपापल्या गच्चीवरून बघतो आणि आपला अंदाज पाठवतो. त्या हजारो अंदाजांमधून ताऱ्याच्या उजेडाचे चढउतार खगोलशास्त्रज्ञ काढतात. मी त्यातला एक होतो. सौर मंडळ शिकवून कंटाळलेला भूगोलाचा मास्तर, ज्याला आपण काहीतरी खरं करतो आहोत असं वाटायला हवं होतं.

अंदाज करायची रीत सोपी आहे. आपल्या ताऱ्याच्या आसपास एक उजळ तारा निवडायचा, एक फिका. या दोघांचा उजेड ठरलेला, न बदलणारा. त्यांच्यातलं अंतर मनात दहा पायऱ्यांचं समजायचं, आणि आपला तारा कितव्या पायरीवर बसतो ते सांगायचं. पायरी जितकी वरची, तितका तारा उजळ. तांबड्या ताऱ्याला टक लावायची नाही. तांबडा उजेड डोळ्यात साचत जातो आणि तारा उगाच उजळ भासतो. झटकन बघायचं, नजर काढायची. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे कालचा आकडा आठवायचा नाही आणि दुसऱ्याचा विचारायचा नाही. एकदा दुसऱ्याचा आकडा कानावर पडला की डोळा तोच बघू लागतो.

हा नियम मेश्रामभाऊंना कधीच रुचला नाही.

मेश्रामभाऊ मुर्रीला राहायचे, मालगाडीचे लोको पायलट. आमच्या शाळेच्या मैदानावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता तेव्हा बायकोला, शीलावहिनींना, घेऊन आले होते. मी देवयानीतली दीर्घिका दाखवत होतो. आपल्या आकाशगंगेबाहेरचं, नुसत्या डोळ्यांना दिसणारं ते एक फिकट बोट. तिच्याकडे थेट बघितलं की ती जाते. जरा बाजूला बघायचं, मग ती डोळ्याच्या कडेनं दिसते. लोक बाजूला बघून बघून थकले. मेश्रामभाऊ म्हणाले, "दिसली. धुक्यातल्या दिव्यावानी आहे." शीलावहिनी म्हणाल्या, "याहिले दूरचं सारं दिसते जी. घरातलं तेवढं दिसत नाई."

नंतर ते येऊ लागले. गोंदियात औषधांचं दुकान असलेले जैस्वालजी आमच्यातले तिसरे. त्यांच्याकडे दुर्बिणी होत्या, त्यातली एक त्यांनी मेश्रामभाऊंना देऊन टाकली. आम्ही आपापल्या घरून बघायचो आणि महिनाभर एकमेकांना काही सांगायचो नाही. दर अवसेला जैस्वालजींच्या गच्चीवर जमून आपापले आकडे मोठ्यानं वाचायचो. मग मी ते पाठवून द्यायचो. मी पाठवायचो, हे महत्त्वाचं आहे.

पहिल्याच अवसेला मेश्रामभाऊ म्हणाले, "सर, हे तं उलटंच आहे. आमच्याकडे सिग्नल दिसला का मी ओरडतो, असिस्टंट ओरडते. दोघाचं सारखं आलं पाह्यजे."

"आणि नाही आलं तर?"

"मंग जो जास्त धोक्याचा, तो खरा. मी हिरवा म्हणलं न् तो पिवळा म्हणला, तं पिवळा. तिथं वाद नाई घालायचा. पह्यले गाडी आवरायची, मंग बोलायचं."

"बहुत बढिया," जैस्वालजी म्हणाले, "दुकानात मी आणि माझा मुलगा असंच करून पाहतो. उधार द्यायची का नाही."

हसलो होतो आम्ही. मी तर दुसऱ्या दिवशी वर्गात ही गोष्ट सांगितली होती, विज्ञान आणि रेल्वे यांतला फरक म्हणून. तो माणूस हा नियम इंजिनातच ठेवून खाली उतरत नाही, घरी घेऊन येतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ज्या हंगामाबद्दल लिहितो आहे तो त्यानंतर काही वर्षांनी आला. दिवाळी झाली होती, हलका धान घरात आला होता, भारी धान कापून बांध्यांमध्ये आडवा पडला होता. आणि मी ताऱ्याकडे बघणं सोडलं होतं. कारण विचाराल तर नाही. आजारपण नव्हतं, अडचण नव्हती. जेवणाआधी गच्चीवर जायचं, दुर्बीण काढायची, अंधाराला डोळे सरावायची वाट बघायची, हे नको झालं होतं. आदल्या वर्षी त्याच महिन्यांत तारा सातव्या-आठव्या पायरीवर होता. मी सोफ्यावर बसून सात लिहायचो, कधी आठ, कधी विश्वास बसावा म्हणून सहा. समोर टीव्ही चालू असायचा. असा तो महिना गेला.

त्या अवसेला आभाळ भरून आलं होतं. पावसाळा उलटून गेल्यावरचे हे ढग आमच्याकडे कुणाला नको असतात, कापलेला धान बांधीतच भिजतो. गच्चीवर बसण्यात अर्थ नव्हता. दुकानाच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमध्ये बसलो. मी माझे आकडे वाचले. मग मेश्रामभाऊंनी वाचले. सहा. पाच. पाच. चार. तीन. दोन.

जैस्वालजींनी मान वर केली. "अरे मेश्रामजी, इतना फरक? दोघं एकच तारा बघून राहिले ना?"

"तोच आहे जी. उतरून राहिला तो. मी म्हणलं सरले बी तसाच दिसत असन."

दोघं माझ्याकडे बघत होते. मला तेव्हा म्हणता आलं असतं, ढग गेले की मी पुन्हा बघतो. एवढंही पुरलं असतं. मी म्हणालो, "तांबडा रंग काही जणांच्या डोळ्यांना कमी दिसतो. वयानंही तसं होतं. तुम्ही एकदा डोळे दाखवून घ्या."

हे वाक्य शास्त्राला धरून होतं. तांबड्या ताऱ्याचा उजेड दोघांना सारखा दिसत नाही, हे पुस्तकात असतं. म्हणून ते इतक्या सहज तोंडातून निघालं. ते मी कुणाला म्हणतो आहे, हे जैस्वालजींना माझ्याआधी कळलं. गोळ्यांच्या पाकिटांवरून फिरणारा त्यांचा हात थांबला.

"तांबडा म्हंजे, लालच ना सर?" मेश्रामभाऊंनी विचारलं.

"त्याच बाजूचा."

"असं," ते म्हणाले. चहा संपवला, कप विसळून ठेवला, आणि ड्यूटी आहे म्हणून निघाले. ड्यूटी नव्हती, हे वहिनींकडून पुढे कळलं.

ढग काही दिवस राहिले. मग निवळले, आणि निवळले त्याच संध्याकाळी मी दुर्बीण घेऊन वर गेलो. धुतल्यासारखं आकाश होतं. भिजलेला धान लोकांनी बांध्यांच्या धुऱ्यांवर उलटा-पालटा करून वाळत टाकला होता, त्याचा आंबूस वास येत होता. शर्मिष्ठा सापडली, उजळ तारा सापडला, फिका सापडला. तांबडा तारा शोधावा लागला. झटकन बघायचं, नजर काढायची. मी पुन्हा पुन्हा बघितलं. एक. फार तर दोन. तारा उतरला होता. मेश्रामभाऊंनी पायरी पायरीनं सांगितला होता तसा.

मी खाली आलो. बायकोनं ताट वाढलं होतं, मी हात धूत होतो, आणि फोन वाजला.

"सर, आज आभाळ मोकळं झालं. पाह्यलं का तुमी?"

"पाहिलं."

"मले आजही फिकाच दिसून राहिला. अजून फिका. तुमाले कसा दिसला?"

नियमाप्रमाणे त्यांनी विचारायला नको होतं आणि मी सांगायला नको होतं. मला नियमावरसुद्धा बोट ठेवता आलं असतं. मी म्हणालो, "मला नेहमीसारखाच आहे, मेश्रामभाऊ."

ते म्हणाले, "काऊन असं होऊन राहिलं काय माहीत," आणि फोन ठेवला. मी जेवलो. काय जेवलो ते आठवतं. लाखोळीची डाळ होती आणि नव्या तांदळाचा भात. भात जरा चिकट झाला होता आणि मी तसं बोलून दाखवलं.

त्यानंतर त्यांचे फोन येत राहिले. ड्यूटीवरून आले की ते ताऱ्याकडे बघायचे, आपले डोळे सुधारले का ते बघायला. तारा दर वेळी तितकाच फिका असायचा. म्हणजे ज्या दिव्यानं त्यांची नजर खरी आहे हे रोज सांगितलं, तोच दिवा ते आपल्या नजरेच्या दोषाचा पुरावा म्हणून रोज बघत होते. आणि मी रोज "नेहमीसारखाच" म्हणत होतो. दोघांचं सारखं येत नव्हतं. म्हणून त्यांनी जास्त धोक्याचा तो खरा धरला. म्हणजे आपलेच डोळे बिघडलेत, हा.

मग काय काय झालं ते मला तुकड्यांनी कळलं. ते असिस्टंटला सिग्नल दोनदा विचारू लागले. एकदा मोकळ्या सिग्नलला गाडी हळू केली, एकदा थांबवलीच. त्याबद्दल विचारणा झाली तेव्हा त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की मला लाल फिका दिसतो. डॉक्टरांनी तपासलं. डोळे ठीक आहेत म्हणाले.

"ते तं तसंच म्हणतीन ना सर," मेश्रामभाऊ मला म्हणाले, "त्याहिचा तक्ता असते समोर भिंतीवर. त्याहिले तारा कुठी दाखवता येते?"

त्यांनी स्वतःहून गाडी सोडली. आधी ऑफिसातलं काम घेतलं, मग तेही नको म्हणून नोकरीच सोडली, आणि मुर्रीचं घर भाड्यानं देऊन सौंदडला भावाजवळ शेती करायला गेले. दुर्बीण जैस्वालजींना परत करून गेले. पुसून, डबीत घालून.

त्या ढगाळ अवसेनंतर मेश्रामभाऊ बैठकीला आलेच नव्हते, आणि पुढच्याच अवसेपासून मी माझे आकडे उतरवायला लागलो होतो. एकदम नाही. सात, सहा, सहा, पाच. तारा केव्हाच तळाला जाऊन बसला होता आणि मी त्याला कागदावर हळूहळू जिन्यावरून उतरवत होतो. जैस्वालजींनी ऐकलं आणि विचारलं, "मतलब मेश्रामजी सही थे क्या?"

"नाही," मी म्हणालो, "ते फार आधी म्हणत होते. हा नंतरचा उतार आहे."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तेही पुढे यायचे थांबले, बैठक मोडली. मेश्रामभाऊंचे त्या महिन्याचे आकडे मी पाठवलेच नाहीत.

नंतर कधीतरी मी त्या ताऱ्याचा आलेख बघितला, जगभरच्या अंदाजांचा. ठिपकेच ठिपके, त्यांचा एक पट्टा, आणि पट्टा त्या हिवाळ्यात खाली झुकलेला. त्याच्या वर, हवेत, माझे ठिपके. कुणी बोट दाखवलं नव्हतं. खगोलशास्त्रात हे धरूनच चालतात की प्रत्येक माणूस थोडा चुकतो. कुणी जास्त सांगतो, कुणी कमी, आणि पुष्कळ माणसं मिळून बरोबर येतात. चांगली रीत आहे. माझ्या खोट्यानं त्या ताऱ्याच्या अभ्यासाचं काडीचं नुकसान झालं नाही. पुढच्या हिवाळ्यात तो परत उजळला. मी तेव्हा खरे आकडे लिहिले.

हे सगळं लिहिताना मला काही होत नाही, हेही सांगून टाकतो. रडू येत नाही, हात कापत नाहीत. रोवणीच्या दिवसांत बायका बांधीतल्या पाण्यात दिवसभर उभ्या असतात, आणि वर आल्यावर पायाला काटा रुतला तरी त्यांना लगेच कळत नाही. तसं काहीसं आहे. वर आलो की कळेल म्हणून मी वाट बघत होतो. मग वाटलं, बहुतेक मी अजून आतच उभा आहे.

या पंधरवड्यात मी सौंदडला जाऊन आलो. सांगायलाच गेलो होतो. बल्लारशाकडच्या गाडीत बसून वाक्यं जुळवली होती. स्टेशनवर मेश्रामभाऊ घ्यायला आले, मोटरसायकलवर. चष्मा नव्हता. घरामागच्या खळ्यात थ्रेशर चालू होतं, भाऊ आणि त्याची माणसं धान मळत होती, तूस उडत होतं. अंधारून येत होतं आणि मेश्रामभाऊ पोत्याची तोंडं शिवत बसले. सुईत सुतळी त्यांनी पहिल्याच फटक्यात ओवली.

"दिसते ना चांगलं?" मी विचारलं.

"सारं दिसते जी. लालच तेवढं." हसले. "आता बैल तं सिग्नल दाखवत नाई."

"आकाशाकडे बघता?"

"कायले? झोप मोडते फुकट."

थ्रेशर बंद झालं. कानात एकदम पोकळी झाली. आता बोलायचं, असं मी ठरवलं. तेवढ्यात शीलावहिनी चहा घेऊन आल्या, कप माझ्या हातात दिला आणि तिथेच टेकल्या.

"सर, एक विचारू का जी? डॉक्टरले बी जे समजलं नाई ते तुमाले कसं समजलं?"

मी कपावरची साय बोटानं बाजूला केली.

"मी साऱ्याहिले सांगतो," मेश्रामभाऊ सुतळीला गाठ मारत म्हणाले, "सरनं वेळेवर सांगतलं म्हणून. नाई तं कोन्या दिवशी लालवर गाडी गेली असती. मागं डबे, समोर कोनाची गाडी. आपल्या हातून कोनाचा जीव गेला असता, मंग कसं जगलो असतो?"

"याहिले तवा लय राग आला होता तुमचा," वहिनी म्हणाल्या. "आता नाव काढते रोज. मी म्हणतो, इतकं नाव काढता तं बोलवा न एखाद्या दिवशी."

तिथे मी बोलू शकलो असतो. आधीच्या वेळांइतकं ते सोपं नव्हतं, इतकंच. त्या माणसानं आपली गाडी सोडली, आणि सोडल्याचं दुःख झाकायला एक कारण जवळ ठेवलं होतं. ते कारण मी होतो. मी चहा प्यालो. निघताना त्यांनी नव्या तांदळाची पिशवी माझ्या हाती दिली, मी नको म्हणालो तर वहिनी म्हणाल्या, "ठेवा जी, तुमचा हक आहे." मी घेतली. परतीच्या गाडीत ती मांडीवर होती. बायकोनं दुसऱ्या दिवशी त्याचाच भात केला. मोकळा झाला होता, चांगला होता.

हे लिहून झाल्यावर कुठेतरी छापून येईल. सौंदडला ते पोचेल किंवा पोचणार नाही. पण पोचलं तरी ते सांगणं नव्हे. मेश्रामभाऊ, तारा उतरला होता. तुम्ही तो बरोबर बघितला. मी आधी बघितलाच नव्हता, आणि बघितल्यावर खोटं बोललो. तुमच्या डोळ्यांत दोष नव्हता, तुमच्या हातून कुणाचाही जीव गेला नसता. एवढं मला त्यांच्या अंगणात बसून, वहिनींच्या देखत, तोंडानं सांगायचं आहे. ते मी त्यांचं देणं लागतो, आणि आज हे लिहीपर्यंत ते दिलेलं नाही.